रेंज ओट्यापर्यंत

बुढी रेडिओसंग भांडे. खरंखुरं भांडन, हात नाचवून. चुलीवर भाकर टाकली, रेडिओ पाट्यावर ठेवला, खुंटी फिरवली, अन तिकडून कोनी बोलाले लागलं का हिचं सुरू. "अवं, सावकाश बोल ना, कोन मांगं लागलं तुह्या?" तिकडची बाई कोन्या मुलखातली, कोनती बोली बोलून राह्यली, हे बुढीले काय मालूम? पन उत्तर देल्याबिगर राहे नाई. माही अन तिची भिंत एकच. इकडे मी तांदूळ निवडत बसली का तिकडून आयकू ये, "खोटं बोलून राह्यला हा. आवाजावरूनच समजते."

नात्यानं बुढी माही चुलत सासू. आमच्यात मायले याडी म्हनते, मी बी तिले याडीच म्हनत होती. बाकी तांडा नुसतं बुढी म्हने. तांडा आमचा फुलसावंगीच्या अंगाले, तोंडात पान टाकून निघालं तं रंग चढेपर्यंत गावात.

रेडिओ तिच्या भाच्यानं आनला होता. भाचा हैदराबादले नोकरीवर. काळा, भाकरीच्या डब्यायेवढा, वर धराले मूठ, समोर उलशी काच. काचेवर अक्षरं सरकत जाये. घरात कुठंबी उचलून न्या, तार नाई. रातभर चार्जिंगले लावला का दिवसभर चाले. भाचा म्हने, "मावशी, हा वायफायचा हाय. दुनियेतलं कोनतंबी ठेसन लागते ह्याच्यावर."

बुढीनं त्याले चहूबाजूनं पाह्यला, उलटा केला. "ह्याची शेपटी कुठं हाय?"

जुन्या रेडिओले वर वढून काढाची दांडी राहे, ते विचारत होती.

"नसते ह्याले, मावशी."

"मंग हे जनावर माशा कशानं हाकलन?"

भाचा गेला अन बुढीनं एक तांब्याची तार आनून मुठीले बांधली, दुसरं टोक छपराच्या टिनात खोसलं. घरभर फिरवाचा रेडिओ, पन हिनं बैलावानी दावनीले बांधला. आठ दिवसानं तार तुटली. रेडिओ बोलतच राह्यला, तवा कुठं पटलं तिले. तरी तुटकी तार काढली नाई. "असू दे," म्हने, "शोभते."

वायफाय तिचं नव्हतं. शेजारी ऑनलाईनवाल्याचं दुकान, त्याचं होतं. तांड्यातले पोट्टे भिंतीले टेकून फुकटात पिक्चर पाहेत म्हनून दुकानदार दर महिन्याले पासवर्ड बदले. बदलला का बुढीचा रेडिओ मुका. मंग बुढी उठे अन दुकानाच्या दरोज्यात जाऊन बसे. भांडे नाई, काई नाई. नुसती बसे, आल्यागेल्याले वाट न देता. अर्ध्या घंट्यात दुकानदार हात जोडे.

पन त्याले बी बुढीची गरज होती. निराधारच्या पगारासाठी बाया येत, मशीनवर आंगठा ठेवत, अन मशीन म्हने हा आंगठा कोनाचाच नाई. आमच्या बोटाइवर रेषा कुठून राहीन? कापूस येचून, उसाच्या मोळ्या बांधून बोटं गोट्यावानी गुळगुळीत. बुढी एकेकीचा हात धरे, थंड पान्याच्या लोट्याले लावाले सांगे, पदरानं पुसे, मंग मशीनवर दाबून धरे. अन मशीनले म्हने, "घे रे बाप्पा. मानूसच हाय हे." घे बी ते मशीन. दुकानदारानं किती डाव करून पाह्यलं, त्याच्या हातानं नाई होये.

दुपारी बाजेवर पडून बुढी दूर दूरचे ठेसन लावे. बोली समजे नाई, पन मले सांगे, "इथं पाऊस पडून राह्यला असन. पाय, बाई कशी घाईघाईनं बोलून राह्यली, कपडे वाळत असन तिचे." दुसरं लावे. "इथं उन्हाळा. मानूस आळसावून बोलून राह्यला." एक डाव कोन्या देशाच्या बातम्या लागल्या, दोन जन तावातावानं बोलत. बुढी उठून बसली. "हे जमिनीचं नाई, हे बाईचं भांडन हाय." म्या म्हनलं, "याडी, तुले कसं समजलं?" तं म्हने, "जमिनीच्या भांडनात मानसं इतकं थांबत नाई. हे थांबून थांबून बोलून राह्यले. लाज हाय कशाची तरी."

बाईच्या भांडनाचं तिले समजे, अन कसं समजे ते मले सांगाच लागन.

माहं लग्न साट्यालोट्याचं. मी इकडे देली अन माही ननंद माह्या भावाले केली. पोरीच्या बदल्यात पोरगी. मी तेरा वर्षाची. साट्यात असं असते का तिकडे तिले खरचटलं का इकडे मले खरचटाचं. माह्या भावानं दारू पिऊन बायकोले मारलं, तं चार दिवसात खबर ये, अन माहा नवरा, ज्याले माह्यावर काई राग नव्हता, तो उठून मले मारे. रागानं नाई, कामावानी. जसं का बैलाले पानी पाजाचं राह्यलं होतं. मंग माही खबर तिकडे जाये. असे सहा-सात वर्स गेले. त्यातच मी ऊसतोडीले जाये. एक लेकरू तिकडेच उसाच्या फडात गेलं. तिसऱ्या दिवशी मी मोळ्या बांधत होती.

मले कोनी इचारलं नाई. बुढीनं बी इचारलं नाई. एक दिवस माहा नवरा मले मारत होता तं बुढी आली अन उंबऱ्यात मांडी घालून बसली. म्हने, "मार. मी मोजाले आली." अन मोजाले लागली. जोरानं, सारा तांडा आयकन असं. एक. दोन. तीन. चारवर त्याचा हात ढिला पडला. पाचवा त्यानं मारलाच नाई. बुढी उठली, लुगडं झटकलं, अन तशीच पायी निघाली माह्या भावाच्या तांड्यावर. दिवसभराचा रस्ता. तिथं दारात उभी राहून म्हने, "इकडचे चार घेऊन आली. तुह्याकडचे किती बाकी हायेत ते माह्या पाठीवर मार, अन इथंच मिटव. मी पुन्हा येवढी चालनार नाई." भावाची मान खाली. त्या दिवसापासून दोन्हीकडचा मार बंद झाला. तांड्यातल्या बाया म्हनत, बुढीचं डोस्कं फिरेल हाय. फिरेलच होतं. सरळ डोस्क्याच्या बाया दारं लावून घरात बसल्या होत्या.

तं रेडिओचं सांगत होती. एक रविवारी खुंटी फिरवता फिरवता आमचीच बोली लागली. गोर बोली, आमची बंजाऱ्याइची. बुढीचे हात पिठाचे होते, तसेच राह्यले. दूर शहरातले आपलेच चार जन एका खोलीतून ते ठेसन चालवत. रविवारी दुपारून लोकं फोन लावत अन गानं म्हनत. कोनी तेलंगनातून, कोनी कर्नाटकातून, कोनी पैनगंगेपल्याडून.

त्या दिवशी एक बाई ढावलो म्हनत होती. आमच्यात नवरी सासरी निघते तवा नुसती रडत नाई, एकेकाच्या गळ्यात पडून गाऊन रडते. त्याले ढावलो म्हनते. बापापाशी बापाचं गाऱ्हानं, भावापाशी भावाचं. बाईच्या जन्मात बापाच्या तोंडावर बोलाची तेवढीच येळ, अन त्या येळी तिले कोनी चूप म्हनत नाई. पोरीइले आधी शिकवा लागते. आमच्या तांड्यात बुढीच शिकवे. मंग लग्नात डीजे आला, अन पोरी नाचत नाचतच जीपगाडीत बसाले लागल्या. बुढीले कोनी बोलावे नाई. ते म्हने, "नका बोलावू. पाहतो डीजे कसा रडते."

रेडिओवरच्या बाईचं आयकून बुढी तापली. "अवं, तू बापाच्या गळ्यात पडली हाय का मोटरीची वाट पाहून राह्यली? श्वास कुठं तोडला तुहा?" दुकानदाराकडून नंबर लावून घेतला अन ठेसनवाल्याइले झापलं. ते हासले. म्हने, "मंग याडी, तूच म्हन ना."

"मी काय नवरी हाय?" बुढी म्हने, अन फोन ठेवला.

आमच्याकडे मानते का नवरी नसताना घरात ढावलो म्हनू नये. म्हनला तं त्या घरातून कोनीतरी जाते. कायमचं. बुढी कोनाले भ्याली नाई, पन हे तिनं पाळलं.

त्याच साली माह्या पोरानं माह्या नातनीचं जमवलं. नातीन यवतमाळले नर्सिंग शिके, एक वर्ष राह्यलं होतं. जमवलं म्हनजे काय, साटं जमवलं. तिचा मोठा भाऊ, माहा नातू, एकतीस वर्षाचा. दहा ठिकानं पाह्यले, शेती करनाऱ्याले कोनी पोरगी दे नाई. नदीपल्याडचं घर म्हने, तुमची पोरगी आमच्या पोराले द्या, आमची घ्या. पोरानं मले इचारलं. म्या हो म्हनलं. लपवून काय करू? नातवाचं तोंड पाह्यलं अन हो म्हनलं.

नातीन रडली नाई, बोलली नाई. म्याच तिले बुढीकडे घेऊन गेली. म्हनलं, "याडी, हिले ढावलो शिकव. माही नातीन मुक्यानं नको जायाले."

बुढीनं तिले समोर बसवलं. "कोनाचं रडाचं हाय तुले? मायचं का बापाचं?"

नातीन म्हने, "कालेजचं. माहं एक वर्ष राह्यलं."

बुढी माह्याकडे पाहे ना नातनीकडे. रेडिओ चालूच होता. मंग म्हने, "ह्याचा ढावलो मले येत नाई. अजून कोनी रडलंच नाई ह्याच्यासाठी. बांधा लागन."

वीस-बावीस दिवस बुढी बांधत होती. रेडिओ लहान आवाजात चालू अन हिचे ओठ हालत. मी भिंतीपलीकडून कान लावे, पन समजे नाई. एक दिवस म्हने, "झाला."

"मंग शिकव पोरीले."

"तिले कायले? ते चालली कुठं?"

म्या कपाळाले हात लावला. "याडी, तारीख धरली हाय."

"तारीख धरली तं सोडाले येते. सुटत नाई ते साटं."

पुढच्या रविवारी दुपारी तिनं मले हाक मारली. फोन कानाले, रेडिओ मांडीवर. ठेसनवाले म्हनत होते, "याडी, रेडिओ बंद कर, तुहाच आवाज मांगून येऊन राह्यला." बुढी म्हने, "बंद कायले करू? तुम्ही मले खरंच बाहेर सोडून राह्यले का खोलीतच ठेवून राह्यले, हे मले कसं समजन?" मंग रेडिओ माह्या हातात देला. "दूर ने. आयकत राय. एक बी शब्द कापला तं येऊन सांग."

मी आंगनात आली. तिथून हात हालवून म्हने, अजून दूर. मी पान्याच्या पंपापर्यंत गेली. तिथं मदात दोन घराइच्या भिंती, रेडिओ गुपचूप, काचेवर काई दिसे ना. मी पुढे गेली, उजवीकडे गेली, नाई. अन देवळाच्या ओट्यापाशी गेली तं आवाज एकदम खनखन लागला. तिथून दुकानाचा दरोजा सरळ समोर दिसे, म्हनून.

ओट्यावर मानसं बसले होते. तांड्याचा मुख्या म्हनजे नायक, त्याचा कारभारी, माहा पोरगा, अजून सात-आठ जन, पत्ते मांडून. बाया तिथं थांबत नाई. पन मांगं सरकली का रेडिओ मुका होये. मी उभी राह्यली.

बुढीचा आवाज आला. आमच्या बोलीत होतं. मराठीत सांगाचं तं असं:

बापू, शेळीच्या बदल्यात शेळी दे, शेळीले पुसा लागत नाई. मी पोरगी हाय, मले पुस. दादा, तुह्या दारात मांडव पडो, पन माह्या पायाचे खांब करून उभा करू नको. माहं एक वर्ष राह्यलं वं याडी, ते माह्या पेटीत भर. बाकी काई नाई भरलं तरी चालन.

पत्ते हातातच राह्यले. कारभारी म्हने, "हे तं आपली बुढी!" कोनी म्हने, "अरे, नवरी कुठं हाय? ढावलो कायचा?" माहा पोरगा उठला. त्याले समजलं होतं हे कोनाचं हाय.

"माय, बंद कर ते."

म्या काई केलं नाई. अन मंग माही पाळी आली. नवरी आजीच्या गळ्यात पडून म्हनते, ते बी बुढीनं बांधलं होतं, अन मले सांगतलं नव्हतं. आजी, तुह्या पाठीवरचे वण मी आंघोळीच्या येळी पाह्यले. तू म्हनली, झाडावरून पडली होती. आजी, मले त्या झाडावर चढवू नको.

हे नातनीनंच तिले सांगतलं असन. मले ठाऊकच नव्हतं का पोरीनं कधी पाह्यलं.

नायक जुना मानूस, आवाज चढवला नाई त्यानं. म्हने, "बाई, डब्बा बंद कर. दुनिया आयकून राह्यली. नदीपल्याडचे बी आयकत असन."

"आयकू द्या."

माह्या तोंडातून निघालं. मले वाटलं दुसरंच कोनी बोललं. रेडिओ म्या लेकरावानी कमरेवर घेतला.

"काय म्हनली?"

"म्हनलं आयकू द्या. अन हे बी आयका. माही नातीन साट्यात देत नाई. म्याच हो म्हनलं होतं, म्याच नाई म्हनते."

पोरगा म्हने, "माय, मंग माह्या पोराले कोन देईन?"

"नाई देईन कोनी तं नाई देईन."

"त्याचं काय चुकलं?"

"काईच नाई चुकलं त्याचं. पोरीचं बी नाई चुकलं."

कारभारी म्हने नसाब बसवू. नसाब म्हनजे तांड्याचा न्याय, नायक-कारभारी बसते अन फैसला करते. म्या म्हनलं, "बसवा. बसेलच हायेत तुम्ही." दोघं जन हासले. ढावलो संपेपर्यंत मी तिथून हालली नाई. संपला, ठेसनवाले काई बोलले, गानं लागलं, तवा घरी आली.

बुढी दारातच. "पुरं आयकू आलं?"

"आलं."

"कापलं तं नाई?"

"नाई."

"मंग रडून कायले राह्यली? सुरात होतं का ते सांग."

"मदात एका ठिकानी श्वास तुटला."

"तुटला नाई, तोडला. तिथं तोडाच लागते." अन रेडिओ हातातून घेऊन पाहे, कुठं खरचटला का.

नदीपल्याडचे लोक आले. म्हने, बुढीनं अन हिनं पायावर डोस्कं ठेवावं, मंग साटं करू. बुढी म्हने, "माह्या गुडघ्यात वात हाय, वाकाले येत नाई." माह्या गुडघ्यात वात नव्हता. मी बी वाकली नाई. साटं मोडलं. नसाब बसली अन ठरलं का आम्हा दोघीइले कोन्याबी लग्नात बोलवाचं नाई. पोरगा वर्षभर माह्यासंग बोलला नाई. ताट आपलं आपन घेऊन जेवे.

पुढच्या साली बुढी गेली. बाजेवर, दुपारी, रेडिओ उशाले चालू. कोनत्या मुलखाचा मानूस बोलत होता कोन जाने. तांड्यात झालं ना सुरू: पाह्यलं, नवरी नसताना ढावलो म्हनला, गेलं ना घरातून मानूस. म्या बायाइले म्हनलं, "ऐंशीच्या वरची बुढी मेली, त्याले ढावलो कायले पायजे? तुम्ही नाई मरनार का डीजे लावून?" मातीले थोडेच जन आले. नातीन सुट्टी काढून आली अन बुढीच्या गळ्यात पडली. काय म्हनलं ते म्या आयकलं, पन इथं सांगत नाई.

नातीन आता दवाखान्यात नर्स हाय. तिचं तिनं पाह्यलं, तिचं तिनं ठरवलं, सुखी हाय का दुखी हाय, तिले इचारा.

नातू अजून बिनलग्नाचा. छत्तिशीत आला. चांगला पोरगा, दारू नाई, कामाले वाघ. संध्याकाळी शेतातून येते, हातपाय धुते, अन दारात येऊन बसते तं घर कसं खाली दिसते, ते मले रोज दिसते. माहा पोरगा म्हनते, हे तुह्यापायी. माह्यापायीच. म्या कधी नाई म्हनलं नाई.

परवा जेवता जेवता नातू म्हने, "आजी, तू तवा हो वर राह्यली असती तं आज या घरात लेकरू खेळलं असतं."

म्या म्हनलं, "हो, खेळलं असतं."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. मंग म्हने, "अन आज आले तेच लोक पुन्हा, तं?"

"तं आजबी नाईच."

त्यानं दुसरी भाकर मांगतली. म्या वाढली.